एका पुठ्ठ्यात दोघं

हातात पुस्तक दिलं की मामू ते उघडायचे नाहीत. बाजारात वांगी तोलावीत तसं तळहातावर दोनदा उडवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "लई बारीक हाय, चिटणीससाब. एकटं टिकायचं न्हाय."

हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायची. तुम्ही म्हणाल, एका म्हाताऱ्या बाइंडरवर एवढं काय चिडायचं? तुमच्या गावात तसा बाइंडर नव्हता म्हणून विचारताय.

मी कळंबातल्या एका लहानशा वाचनालयाचा चिटणीस. पगार नाही. मान नाही. पंखा आहे, पण तो असा किंचाळतो की लोकांना वाटतं आत कुणाचा तरी गळा दाबतायत. पुस्तकं मात्र सगळ्या चवीची. कादंबऱ्या, खूनखराबा, भुतं, प्रवास, कुस्ती, शेळ्या, लोणची, थोरामोठ्यांची चरित्रं. फाटली की ती मामूंकडे जायची.

मामूंचं दुकान पिठाच्या गिरणीसमोर, पत्र्याखाली. मैद्यात मोरचूद घालून ते खळ शिजवायचे. तिच्या वासानं मोंढ्यातले उंदीर तालुका सोडून गेले. आणि बांधणी? एकदा ढोकीकडं उसानं भरलेला ट्रॅक्टर मामूंनी बांधलेल्या कादंबरीवरून गेला. ट्रॅक्टर पंक्चर झाला. कादंबरी वेळेत जमा झाली.

मग तक्रार काय? तक्रार ही, की हा माणूस बारीक पुस्तक एकटं बांधायचाच नाही. दोन बारकी घ्यायचा, दाभणानं आरपार शिवायचा आणि वर एक पुठ्ठा चढवायचा. कुस्तीच्या डावपेचांमागं प्रेमकथा. भुताच्या गोष्टींमागं हिमालयातला प्रवास. आयकराच्या नियमांमागं लहान मुलांच्या पऱ्या. मी विचारायचो, "मामू, ह्यांचा एकमेकांशी संबंध काय?"

"लग्नाच्या आधी तुमचा आन् भाभींचा काय संबंध होता?"

मी पुस्तक काखेत मारून निघायचो.

खताच्या दुकानाचे अण्णा खुनाच्या कादंबरीशिवाय दुसऱ्या कशाला बोट लावत नसत. रहस्यकथांचं शेवटचं पान कुणीतरी फाडलेलंच असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. अण्णा एकदा पुस्तक डोक्यावर धरून वाचनालयात शिरले. "चिटणीस! इन्स्पेक्टर दार फोडून आत जातोय, आन् आत काय? शेळीला जंत झाल्यास करावयाचे उपाय! खून केला कुणी? शेळीनं?"

अण्णा त्यानंतर महिनाभर शेळ्यांकडं संशयानं बघत होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आमच्या वाचनालयाचा वर्ग पुस्तकांच्या संख्येवर ठरतो. धाराशिवहून साहेब येतात, कपाटापुढं उभे राहतात आणि पाठी मोजतात. एक पाठ, एक पुस्तक. तपासणी तोंडावर आली तेव्हा मी मोजून पाहिलं. मामूंनी अर्धं वाचनालय एकमेकांत घालून संपवलं होतं! वर्ग गेला की अनुदान जाणार, अनुदान गेलं की कुलूप.

तसाच पाय आपटत दुकानात गेलो. "मामू, सगळी जोड पुस्तकं उसवायची. आजपासून."

"म्या एकदा टाका घातला की घातला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गिरणीतून एक बाई आली. डोक्यावर डबा, भुवया पिठानं पांढऱ्या. माझ्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

"मामू, आमच्या ह्यांनी ह्या बारीला जाडजूड बंगल्यातला खून आणलाय. मागं कायच न्हाय की! म्या वाचू काय?"

"हळू बोल पोरी. चिटणीस बसलेत."

ती अण्णांची बायको होती. दारात तीन शेळ्या पाळणारी. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला, आमच्या ट्यूबलाइटसारखा. मामूंना कोणत्या घरातला पुरुष काय नेतो ते माहीत होतं, आणि त्या घरातल्या बाईला काय हवंय ते दळण संपेपर्यंत कळायचं. खुनाच्या पाठीवर बसून शेळी अण्णांच्या घरी जात होती.

मी सावरून म्हणालो, "वहिनी, तुम्ही स्वतः या की वाचनालयात. बायकांना कुणी अडवलंय?"

"येऊ की. बाकावर सगळे गडी पाय वर घेऊन बसलेले असतात. आमी कुठं टेकायचं, पेपराच्या दांडीवर? आन् एका कार्डावर एकच पुस्तक, हा नियम कुणाचा?"

नियम माझाच होता.

ती गेल्यावर मी आवाज खाली आणला. "मामू, वर्ग गेला तर कुलूप लागेल. मग पुढचंही नाही आणि मागचंही नाही. तुम्ही उसवा. मी नियम बदलतो. एका कार्डावर दोन पुस्तकं देतो."

"दोन द्याल. नेणार तर त्योच की, घरचा गडी."

पण मामूंनी पातं उचललं. मी रोज जाऊन उभा राहायचो, तेव्हा ते टाके कापत बसलेले असायचे. एकदाही वर बघितलं नाही. ज्या माणसाच्या बडबडीला मी वैतागलो होतो, तो गप्प बसल्यावर मला त्याहून जास्त वैताग आला.

साहेब आले, पाठी मोजल्या, मोबाइलवर फोटो काढले. वर्ग वाचला. मी पेढे घेऊन दुकानी गेलो तर मामूंची लेक परंड्याहून आली होती. मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिनं दाभण, पातं, खळीचं पातेलं आवरायला घेतलं होतं.

"अब्बांना घेऊन चालले. सुई दिसत न्हाय, तरी बसत्यात."

स्टँडवर मी सोडायला गेलो. बसमध्ये चढायला मी मामूंच्या दंडाला धरलं. दंड कसला, पानच. मामू पायरीवर थांबले, हसले. "बारीक झालोय, चिटणीससाब." पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. मला पाठ होतं. दाभण त्यांनी माझ्या खिशात घातलं, माझा सदरा भोकसून.

नियम मी खरंच बदलला. एका कार्डावर दोन. पहिल्याच दिवशी अण्णा आले आणि ऐटीत दोन पुस्तकं घेऊन गेले. दोन्ही खुनाची! कुस्तीवाले दोन कुस्तीची घेऊन गेले. भुतांवाल्यांनी भुतं नेली. मी कपाळावर हात मारून घेतला. शेळी कपाटातच राहिली. प्रेमकथा, लोणची, हिमालय, सगळी एकेकटी, बारीक, मागं पडून आडवी झाली. गिरणीसमोरून जाताना डबेवाल्या बायका माझ्याकडं अशा बघायच्या, की मी कासारगल्लीतून वळसा घालून घरी जाऊ लागलो.

परवा कपाटातून एक खून काढला. तळहातावर उडवला. तोंडातून आपोआप निघालं, "लई बारीक हाय."

घरी नेऊन मैदा शिजवला. पातेलं गेलं, ओटा गेला, मोरचुदानं माझी बोटं निळी झाली. दाभण पुस्तकात कमी आणि अंगठ्यात जास्त गेलं. पण शेळी खुनाला शिवली. अण्णा खुशीत घेऊन गेले. पुढच्या तपासणीला साहेब पाठी मोजतील तेव्हा मोजतील, त्यांनाही देतो एक जोड पुस्तक, घरी न्यायला.

दुसरं जोड पुस्तक आमच्याच घरात राहिलं. पुढं माझं कुस्तीचं, मागं हिमालय. बायको ते मागून उघडून वाचत बसली होती. माझे टाके वर आलेले, दोरा लोंबतोय.

मी म्हणालो, "आण इकडं, मामूंसारखं जमलं नाही. टाका बोटाला टोचेल."

"टोचू द्या," ती मान वर न करता म्हणाली. "आता कुठं बर्फ लागलाय."