स्पीकरला घातलेली चादर

दादाच्या स्पीकरची जुनी लाकडी पेटी पुसायला आज टर्पेंटाईनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी पंचाहत्तर सालचा राग उफाळून आला.

वहिनींचं गाणं पहिल्यांदाच रेडिओवर लागणार होतं. मी हौसेनं रेडिओला जोडलेली ही पेटी टर्पेंटाईननं घासून चकाचक केली. वर शहाणपणा असा, की समोरचं विरलेलं जाळीचं कापड काढून आपल्याच मागावरची जाडजूड सोलापुरी चादर ठोकली!

गाणं रजईत कण्हल्यासारखं आलं. मी रेडिओवाल्यांना शिव्या घालत बसलो. वहिनींनी चादर टराटरा ओढून काढली, तोवर गाणं संपलं होतं.

"भावजी, माझं गाणं थंडीनं मरत हुतं व्हय?"

पुन्हा त्यांना रेडिओवर कुणी बोलावलं नाही. पेटी अजून चकाकते. तिच्यात माझं तोंड दिसलं, की थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते.