मोबाईलची दृष्ट

नवऱ्यावरून मी कधी कुणावर जळले नाही. जळले ते सासूवरून, आणि तेही मोबाईलमधल्या एका पोरीवर.

आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, नजर काचबिंदूनं गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पालमच्या आमच्या घरात त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम माझं होतं. दुपारची भांडी आटोपली की मी वाचायला बसायचे आणि त्या मध्येच टोकायच्या, हळू वाच, तुला काय एसटी धरायचीय का. मला त्या टोमण्यातही माया वाटायची. तेवढीच वाट्याला यायची, काय करणार.

मग नवऱ्यानं मोबाईलवर एक ऑडिओबुक आणलं. भुताखेतांची रहस्यकथा, पण पॉडकास्टसारखी सांगितलेली. एक मुलगी रेकॉर्डर घेऊन धरणाकाठी जाते, कारण पाणी आटलं की बुडालेल्या गावातून घंटा वाजते आणि ती ऐकणारा माणूस नाहीसा होतो. चालता चालता ती सगळं सांगत राहायची: धाप लागलीय, चप्पल तुटली, मागून कुणीतरी येतंय. आत्याबाईंचं माहेर येलदरीकडचं. धरण म्हटल्याबरोबर त्यांनी ते येलदरीचंच धरलं, आणि पोरगीही माहेरचीच.

पेपर बंद झाला. मी घडी उघडली की त्या म्हणायच्या, राहू दे, तिचं काय झालं ते लाव. तिनं एक दिवस बिस्किटांवर काढला तर इकडं आत्याबाईंच्या घशाखाली भाकरी उतरेना. त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकत होती. गाल टम्म सुजलेला, पोटात नुसती पेज. माझ्या पेजेची कुणी चौकशी केली नाही.

एका भागात त्या पोरीला ताप भरला. आत्याबाईंनी माझ्याकडून मीठ-मिरच्या मागून घेतल्या, मोबाईल समोर ठेवला आणि त्याची दृष्ट काढली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या हातानं माझ्यावरून कधी चिमूटभर मीठ उतरवलं नव्हतं. वर त्या मिरच्या जाळायच्या मीच. गॅसपाशी खोकून खोकून गालात कळा आल्या, आणि आत्याबाई बाहेरच्या खोलीतून समाधानानं सांगत होत्या की ठसका मुळीच उठला नाही, म्हणजे दृष्ट लय कडक होती. माझा खोकला त्यांनी धरलाच नव्हता.

शेवटच्या भागात घंटा वाजली. पोरीचा आवाज मध्येच तुटला आणि नुसतं पाणी ऐकू येत राहिलं. आत्याबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पीडा गेली एकदाची. पण तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं की हे सगळं रचलेलं असतं, कुणीतरी बाई खोलीत बसून कागद वाचते आणि चहा पिऊन आपल्या घरी जाते.

त्यांनी डोळे पुसले.

"मला येडी समजतीस का? ठावं हाय मला. पन ती सांगायली, भूक लागलीय, भेव वाटायलंय. मला दिसंना, मग सांगितल्याबगर कळावं कसं? तू कवा काय सांगितलंस मला?"

दाढेचं सांगायचं होतं. दाढेच्या मागंही पुष्कळ होतं, लग्न होऊन आल्यापासूनचं, कुणाला न सांगितलेलं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, चहा टाकू का.

टाक म्हणाल्या, अर्धा कप. मी उठले तसा त्यांनी मोबाईल चाचपून माझ्याकडं धरला. पहिला भाग लाव, तिथं ती अजून धरणावर गेलेली नाही. मी लावला आणि आत गेले.

ती पोरगी हसत हसत सामान भरत होती. काय काय घेतलं ते सांगत होती. आत्याबाई मोबाईल कानाशी धरून तिला समजावत होत्या, "जाऊ नगं माय तिकडं."

माय, म्हणाल्या. मी आधणाकडं बघत उभी राहिले. इतकी मी आधी कधी जळले नव्हते, कारण दाढेचं तेवढं सांगितलं असतं तर तो शब्द मलाही मिळाला असता.