कुठलंय हे पाणी?

आमचे मामा हायकोर्टाचे जज्ज, पण घोटभर पाण्याचीही उलटतपासणी घ्यायचे. तांब्या पुढे केला की आधी सवाल, "कुठलंय?" आष्टीला वकिली करताना म्हणे ते असे नव्हते, कुणाच्याही घरी बसून भाकरी खायचे. जज्ज झाले आणि ओळखीचा प्रत्येक माणूस त्यांना पक्षकार दिसू लागला. बढती होत गेली तसा संशयही वाढला. एकदा कुणी सीताफळांची पाटी पाठवली, ती मामा स्वतः उचलून परत देऊन आले. "बिया लई असतात, एखादी घशात अडकायची," म्हणाले. मला भारी राग यायचा. अहो, माणसानं इतकं वाकड्यात शिरावं?

माझी माय त्यांची थोरली बहीण. तीही त्याच मुशीतली. कुणी काही फुकट देऊ केलं की विचारायची, "कावून देतोय ह्यो?"

दुष्काळात सहकारी साखर कारखान्यानं पाइप टाकून तलाव उपसायला घेतला. तलावाखालची गावं तहानली, कोर्टात गेली आणि खटला नेमका मामांपुढे आला. आमचं गाव वरच्या अंगाला, आमचा त्या तलावाशी काही संबंध नव्हता. तरी कारखान्याचा चेअरमन बोअरची गाडी घेऊन आमच्याच गल्लीत हजर! नशीब बघा, पाणीही लागलं.

"आक्का, पहिली घागर तुमची," चेअरमन मायला म्हणाला.

"कावून?"

"जजसाहेबांच्या भगिनी न्हाई का तुमी!"

माय रिकामी घागर उचलून टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी चिडले, भांडले. दारात पाणी असून आम्ही मायलेकी उन्हात करपत होतो आणि गल्ली आम्हाला हसत होती.

थोड्याच दिवसांत कारखान्याच्या वकिलानं कोर्टात अर्ज टाकला: न्यायमूर्तींची बहीण आमच्याच बोअरचं पाणी पिते, तेव्हा हा खटला त्यांच्यापुढे नको. हात्तिच्या! बोअर पाडला होता तो मामांना खटल्यावरून उठवायला.

मामा तडक गावी आले. "आक्का, शपथेवर सांग. प्यालीस?"

"न्हाई."

एवढ्यावर थांबतील तर मामा कसले! त्यांनी शेजारणींना बोलावलं. "न्हाई हो साहेब," एक जण म्हणाली, "आमीच येडी म्हणत होतो तिला." मामांचा चेहरा उजळला. मायचा पडला. ते ओट्यावर टेकले आणि पाणी मागितलं.

"माझ्यावर बी संशय घेतलास?" मायचे डोळे भरले होते. "जा. दुसरीकडं पी."

मामा तसेच तहानलेले गेले. खटला त्यांनी सोडला नाही. निकाल लागला, पाइप उखडले गेले. पण मायनं पुढे कित्येक वर्षं त्यांच्यापुढे तांब्या धरला नाही.

मामा निवृत्त झाले, मायनं अंथरूण धरलं, तेव्हा ते भेटायला आले. मायनं मला खुणेनंच पाणी द्यायला सांगितलं. मामांनी तांब्या घेतला आणि काही न विचारता तोंडाला लावला.

माय बघत होती. "इचारलं न्हाईस आज?" ती हळूच म्हणाली. "बोअरचं हाय ते."

मामांचा घोट क्षणभर थांबला. मग बहिणीकडे बघत त्यांनी सगळा तांब्या रिकामा केला.