जैसलमेर सहलीचे कायमचे अध्यक्ष

माझे नानामामा कुठल्याही सहलीचा बेत इतका बारीक आखत, की बेत आखून झाल्यावर सहलीला जायची काही गरजच उरत नसे. आणि ते जातही नसत. जैसलमेरची सहल त्यांनी वर्षानुवर्षं आखली. किल्ला संध्याकाळी कुठल्या बाजूने सोनेरी दिसतो, उंट उठताना आधी पुढे झुकायचं की मागे, वाळूत चप्पल बरी की बूट, हे सगळं त्यांना जळगावातल्या मेहरूणच्या घराच्या गच्चीवर बसल्या बसल्या ठाऊक होतं. जैसलमेर खरोखर बघून आलेली माणसं त्यांच्यासमोर तोंड उघडायला घाबरत, कारण नाना त्यांच्या चुका काढत. शेजारचे एक गृहस्थ तर 'मी बहुतेक दुसऱ्याच गावाला जाऊन आलो' असं म्हणून उठून गेले होते.

नाना म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नोकरी पाटबंधाऱ्यात. धरणातून पाटाला ठरल्या पाळीने पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात, आणि ती पाळी लावण्यात नानांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हाताखाली ना पाट उरला ना पाणी, तेव्हा त्यांनी आम्हा नातेवाइकांनाच आवर्तन लावलं. लग्नघरात पहाटे मोरीच्या दाराशी उभे राहून ते कोण कोणाच्या मागून आंघोळीला जाईल हे सांगत. पाचोऱ्याच्या भाऊंनी, म्हणजे त्यांच्याही धाकट्या भावाने, एकदा पाळी मोडून आधी आंघोळ केली, तर नानांनी त्यांना दिवसभर 'पाणीचोर' म्हटलं.

सहलीची बैठक धुळवडीच्या संध्याकाळी गच्चीवर भरे. आम्ही धुळ्याहून जायचो, भाऊ पाचोऱ्याहून यायचे. कानामागचा रंगही निघालेला नसे आणि नाना अध्यक्षीय सुरात विचारत, "तर मग, यंदा जैसलमेर?" जसं काही दर वर्षी वेगळंच गाव असायचं. एवढ्या उन्हाचं वाळवंटात कशाला, असं कोणी चुकून म्हटलंच तर उत्तर तयार होतं.

"थंडीत सगळं जग जातं. भाव दुप्पट, उंट थकलेले. चैत्रात कुत्रं फिरकत नाही. आणि ऊन कोणाला लागतं? पुण्यामुंबईच्या माणसाला. जळगावचा माणूस तिथं गेला तर त्याला उलट गार वाटेल."

या शेवटच्या वाक्याला सगळे माना डोलवत. आमच्या खानदेशात उन्हाचा अभिमान बाळगायची एक खोड आहे. सकाळच्या पेपरात पारा बघायचा आणि राजस्थानला मागे टाकलं असेल तर दुसरा चहा घ्यायचा. घामाने बनियन अंगाला चिकटलेलं असतं, पण चेहऱ्यावर पोरगं पहिलं आल्याचा भाव.

पाटाच्या कामात नानांचं एक तत्त्व होतं, 'आधी टेल'. पाट जिथे संपतो तो टेल. तिथल्या शेवटच्या शेताला आधी पाणी द्यायचं, मग उलट वर यायचं, म्हणजे शेवटचा शेतकरी कोरडा राहत नाही. पाटाला हे तत्त्व फारच चांगलं आहे. नानांनी ते सहलीला लावलं. त्यामुळे बेताची सुरुवात परतीपासून होई. जळगाव स्टेशनावर उतरल्यावर रिक्षा कोण बोलावणार, घराची किल्ली कोणाकडे, दूध कोण घेऊन ठेवणार. मग त्याआधीची सुरत, त्याआधीचं अहमदाबाद. असं करत करत रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही जेमतेम जोधपूरला पोचायचो, तेही परत येताना. घरातून निघायचं कसं, इथपर्यंत बैठक कधी आलीच नाही.

समजायला सोपं जावं म्हणून ते गच्चीच्या फरशीवर खडूने राजस्थान काढत. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिच्या पलीकडे पाकिस्तान. भाऊ नेमके बिकानेरवर बसलेले असत आणि नाना त्यांना सारखे सरकायला सांगत. दोनचार दिवसांनी त्याच नकाशावर मामी खाटा मांडून कुरडया वाळत घाली.

सगळ्यात गंमत हॉटेलच्या फोनची. जैसलमेरचं एक लहानसं हॉटेल त्यांनी हेरून ठेवलं होतं. बैठकीत सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावून ते विचारत, "हम जलगाँव से नाना बोल रहे हैं. आपके यहाँ मोरी में पानी कितने बजे आता है?"

"नाना साहब, चौबीस घंटे आता है."

नाना फोनवर हात ठेवून आम्हाला सांगत, "खोटं बोलतोय. तापी-गिरणेच्या मुलखात आपण नळाकडे डोळे लावून बसतो, आणि याच्या वाळवंटात चोवीस तास?" मग पुन्हा फोनवर, "अच्छा, पानी साथ में लाए तो रखने को जगह है?" एका वर्षी तो मालक न राहवून म्हणाला, "साहब, इस साल आ रहे हैं, कि हमेशा की तरह सिर्फ़ पूछ रहे हैं?" आम्ही सगळे खो खो हसलो. मामी हसली नाही.

मामी शिंदखेड्याची. मेहरूणला येऊन ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं मराठी बोलायला लागली होती, पण फार राग किंवा फार आनंद झाला की तिची अहिराणी बाहेर यायची. लग्न झालं तेव्हा उन्हाळी आवर्तन चालू होतं, म्हणून दोघं कुठे गेली नाहीत. पुढे दर उन्हाळ्यात कुठलं तरी आवर्तन चालूच असायचं. सहलींच्या बेतात मामीने कधी काही मागितलं नाही. फक्त एकदा, भाकरी थापता थापता, ती मला म्हणाली होती, "टीव्हीवर पाहिलं का गं? जिथं काही उगवत नाही, तिथल्या बायका एवढे रंग नेसतात. मला ते बघायचंय. उंटावर हे पुढे, मी मागे. एकदा बसायचंय, बस." नंतर स्वतःच लाजली आणि तव्यावरची भाकरी उलटायला विसरली.

आता एवढा बेत झाल्यावर सहल अडायची कुठे, तर वाळवणावर. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, आणि जाताना त्यांच्या हाती वर्षाच्या पापड-कुरडयांचे, ज्वारीच्या बिबड्यांचे डबे द्यावे लागतात. होळी ते आखाजी हेच वाळवणाचे दिवस, आणि नानांच्या सहलीचेही हेच. बैठक रंगात आली की नाना एकदम गंभीर होत आणि टाळूवरून हात फिरवत. "सगळं ठीक आहे. पण वाळवणाचं काय?" म्हणत. मग बठ्ठं गोत, होय सगळंच्या सगळं, मामीकडे बघे. धुळ्याचा डबा, पाचोऱ्याचा डबा, पुण्याच्या भाचीचा डबा. 'यंदा विकतचे खाऊ' हे तीन शब्द कोणाच्या जिभेवर येत नसत, कारण जिभेला मामीच्या बिबड्यांची सवय होती. "मग पुढच्या वर्षी," नाना म्हणत आणि सुटल्यासारखे हसत. सहल बुडाल्याचं खापर दर वर्षी अशा रीतीने ज्वारीवर फुटे.

मला तेव्हाच कळायला हवं होतं की नानांना वाळवंट बघायचंच नव्हतं. त्यांना फक्त त्याचा बंदोबस्त करायचा होता. गच्चीवर सगळं त्यांच्या शब्दात होतं. तिथे प्रत्यक्ष गेलं तर उंट ऐकणार नाही, गाडी उशिरा येईल, वारा सुटेल, आणि नळाला खरोखरच चोवीस तास पाणी असलं तर नानांनी करायचं काय?

मग एका धुळवडीला नानांनी टाळूवरून हात फिरवला, वाळवणाचं विचारलं, आणि मामी उठून खाली गेली. येताना डबे घेऊन आली. एकावर एक रचले. माझ्या आईपुढे धुळ्याचा सरकवला, भाऊंपुढे पाचोऱ्याचा.

"यंदा बिबडा माघमाच करी टाकात," ती म्हणाली. "बठ्ठा वाळी गयात. आते सांगा, कव्हय निंघानं?"

निघायचं कधी, हा प्रश्न त्या गच्चीवर पहिल्यांदाच आला होता. नानांचा चेहरा असा झाला, की जणू कोणीतरी न विचारता धरणाचे दरवाजे उघडलेत. त्यांनी धडपड पुष्कळ केली. गुडघे काढले, भाऊंचं वजन काढलं, माघातल्या उन्हात वाळलेले बिबडे टिकतील का अशी तांत्रिक शंका काढली. मामीने डब्यातला एक बिबडा काढून त्यांच्या हातावर मोडला. कडक वाजला. माझी आई, जी घरात सगळ्यांची अक्का आणि नानांना अरे-तुरे करणारी एकटीच, म्हणाली, "नाना, आता गप बस आणि तिकिटं काढ."

तिकिटं निघाली. भाऊंनी अंग काढून घेतलं; नानांचं मात्र निघालं. पण निघायच्या दिवशी सकाळी ते शर्ट न घालता झोपाळ्यावर बसून राहिले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. घराकडे कोणीतरी बघायला पाहिजे." घराकडे बघण्यासारखं घरात काही नव्हतं. मला इतका राग आला की मी बोलणारच होते, पण मामीने माझा दंड धरला. तिने त्यांचे कपडे आपल्या बॅगेतून काढून कपाटात नीट ठेवले, वरण कुठे झाकलंय ते सांगितलं आणि ती रिक्षात बसली. आई, मी आणि मामी, अशा आम्ही तिघी निघालो.

नाना घरी राहिले, पण त्यांचा फोन आमच्याबरोबर आला. "आता तुम्ही हवेलीसमोर असायला हव्यात." "डावीकडे वळा, उजवीकडे नुसती दुकानं आहेत." आणि चीड आणणारी गोष्ट ही, की ते बरोबर असत. नळाला चोवीस तास पाणी होतं, तेही आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "चैत्रात माणसं कमी, म्हणून पुरत असेल." दुपारी बाहेर पडू नका असं हॉटेलच्या मालकाने हात जोडून सांगितलं, तर आई म्हणाली, "हम धुलिया के हैं. हमको क्या ऊन लगता है?" आणि भर दुपारी किल्ला चढून आली. संध्याकाळी ती डोक्याला ओला टॉवेल बांधून आडवी पडली आणि तरीही म्हणत होती, आपल्याकडे याहून जास्त असतं.

म्हणून वाळूच्या टेकड्यांवर मी आणि मामी दोघीच गेलो. उन्हं कलली होती. लाल, पिवळ्या, हिरव्या ओढण्यांच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून चालल्या होत्या. मामी चपला काढून वाळूत उभी राहिली आणि बघत राहिली. उंटवाल्याने विचारलं तर तिने मान हलवली. मी म्हटलं, मी बसते तुझ्यापुढे. नको म्हणाली.

तेवढ्यात फोन आला. नानांनी सूर्य कुठल्या बाजूला बुडेल ते सांगायला सुरुवात केली. मामीने ऐकून घेतलं आणि मग फोन वाऱ्यापुढे धरला. बराच वेळ. पुन्हा कानाला लावला. मी शेजारी असल्यामुळे मला ऐकू आलं, नानांनी विचारलं, "कशी आहे वाळू?"

इतक्या वर्षांत नानांनी जैसलमेरबद्दल कोणाला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"गरम शे," मामी म्हणाली. "तुम्ही येवाले पाहिजे व्हतं."

"पुढच्या वर्षी येतो," नाना म्हणाले. कसे, कुठल्या गाडीने, किल्ली कोणाकडे, काहीच सांगितलं नाही. म्हणून मला ते खरं वाटलं. मामीलाही वाटलं असावं, कारण परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून गुणगुणत होती.

पुढचं वर्ष आलं, पण होळीच्या आधीच नाना गेले. दुपारी जेवून झोपाळ्यावर पडले ते उठलेच नाहीत. मरणाचा तेवढा त्यांनी काही बेत आखलेला नव्हता. मी खूप रडले. ज्या माणसाची आयुष्यभर टिंगल केली त्याच्याशिवाय गच्चीवर जावंसं वाटेना, आणि अजूनही वाटत नाही.

तेराव्याला घर भरलं. पाटबंधाऱ्यातले जुने लोक, गल्लीतले, पाचोऱ्याचे, धुळ्याचे. चहा फिरत होता आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य. नानांची जैसलमेर बघायची इच्छा राहून गेली. काय हौस होती माणसाला, म्हणून भाऊंनी तर डोळे पुसले. या जन्मी नाही तर पुढच्या, असंही कोणीतरी म्हणालं. मामी रिकामे कप गोळा करत होती. ती थांबली.

"त्यास्नी काय बी विच्छा राह्यनी नही," ती शांतपणे म्हणाली. "त्यास्ले जावानंच नही व्हतं. माले त्यास्ना संगे जावानं व्हतं. ते राही गयं."

 मामीने कपांचा ट्रे उचलला आणि ती आत गेली.