तीन पठाण देऊन आणलेला माणूस

शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि गावातल्या घराघरांत जाते. देवी वर्षातून एकदा लेकरांना भेटायला येते, असं आम्ही मानतो. ज्या घरी पालखी जात नाही ते घर गावात असून नसल्यासारखं. विहिरीवर पाणी भरायला कुणी मना करत नाही, पण तुमची घागर आली की बायकांचं बोलणं थांबतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या साली कुणाला घास न उतरून आमच्या घरात शिजवलेला भात का उरायचा ते कळेल.

आमचं गाव हातखंब्यापासून पायवाटेनं तासाभरावर. पुरुष माणसं मुंबईला गिरणीत, नाहीतर पलटणीत. आमचे हे पलटणीत गेले. लग्नानंतर चार महिन्यांनी त्यांना पार वर सरहद्दीवर धाडलं. तिथे डोंगरातले पठाण आणि सरकार यांची सारखी झुंज चाललेली. एके दिवशी सरकारी कागद आला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, अक्षरं मी पुढे माझी मीच गिरवली. शाळेच्या मास्तरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "चौकीवर हजर नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे मेला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो. हजर नाही."

मेलेल्यासाठी रडता येतं. हजर नसलेल्याचं काय करायचं? महिनाभरानं कळलं की पठाणांनी पकडून नेलंय. आठ महिने ते तिकडेच होते. मग सरकारनं तुरुंगात ठेवलेले तीन पठाण सोडून दिले आणि बदल्यात यांना घेतलं. पलटणीनं चौकशी केली. पळाल्याचं शाबीत झालं नाही, पण पटावरून नाव काढलं आणि घरी पाठवलं. आगबोटीतून उतरून, रत्नागिरीहून चालत, हे पौष संपता संपता दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डावा पाय ओढत. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "पाय धू. आमटी गरम हाय."

आम्हाला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! रत्नागिरीच्या वर्तमानपत्रात पत्रांवर पत्रं यायला लागली. कुणी लिहिलं, पळपुट्या शिपायासाठी तीन बंदूकवाले मोकळे केले, हा कुठला न्याय? कुणी लिहिलं, आपला माणूस आपण आणायचा नाही तर कुणी आणायचा? नाव छापलेलं नव्हतं, पण तालुक्यात असा शिपाई तरी दुसरा कोण होता? मास्तर देवळाच्या ओट्यावर बसून पत्रं मोठ्यांदा वाचायचे आणि मग गाव दोन बाजूंना वाटून भांडायचं.

"तीन पठाणांना एक कोकणी! बांगड्याला पण एवढा भाव नाय मिळत!" असं एकानं म्हटल्यावर सगळे हसले. हसण्यात दोन्ही बाजू एक.

सगळ्यात कडक बोलायचे ते पेन्शनवाले सुभेदार. मिशा पांढऱ्या, पाठ खांबासारखी. मोठ्या लढाईत अरबांच्या मुलखात जाऊन आलेले, गावात त्यांचा शब्द खाली पडायचा नाही. ते म्हणायचे, "ते तीन पठाण उद्या परत बंदूक उचलतील. त्यांच्या गोळीनं दुसऱ्या आईचा पोरगा जाईल. त्याचं उत्तर कोण देणार?"

शिमग्याच्या आधी मानकऱ्यांची बैठक बसली, तेव्हा हे बोलणं पालखीवर आलं. पळून आलेल्याच्या घरी देवी न्यायची का? बायका बैठकीत बसत नसत, आम्ही बाहेर चाफ्याखाली. सुभेदार पुन्हा तेच बोलायला लागले तशा सासूबाई तिथूनच ओरडल्या, "सरकारला तीन पठाण जड झाले नायत, आणि तुम्हाला माझा एक पोरगा जड झाला?"

आत कुणीतरी खाकरलं. गुरव म्हणाला, "वैनी, जरा गप ऱ्हावा."

"गप ऱ्हायला मी काय देवळातली घंटा हाय? वाजवाल तवाच वाजायला?"

शेवटी ठरलं ते असं. येत्या सोमवारी यांनी देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगायचं, की मी पळालो नाही. शपथ झाली की पालखी आमच्या अंगणात. आमच्या गावात त्या पायरीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. बांधाच्या भांडणापासून चोरीपर्यंत सगळे निवाडे तिथेच होतात.

मी जाम खूश. एका वाक्याचं तर काम! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भात पेरायच्या जागेवर पालापाचोळा पसरत होतो, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजून घ्यायला. मी म्हटलं, "सोमवारी नवा सदरा घाला."

हे पाला पसरत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "मी पळालो होतो गो."

माझ्या हातातला पाला तिथेच पडला.

मग यांनी सगळं सांगितलं. पहाटे चौकीवर गोळीबार सुरू झाला. जोडीदाराला गोळी लागली. "पाय निघाले ते निघालेच," हे म्हणाले. "ओढ्यापर्यंत गेलो. तिथे थांबलो आणि परत वर चढायला लागलो. अर्ध्या वाटेत पठाणांनी धरलं."

मी लगेच म्हणाले, "मग झालं तर! परत फिरलात ना? मग ते पळणं कसलं? घ्या शपथ."

आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मी असंच म्हणाले. एकदा नाही, शनिवारी म्हणाले, रविवारी म्हणाले. मला पालखी हवी होती. विहिरीवर बोलणारी बायामाणसं हवी होती.

सोमवारी नवा सदरा घालून हे देवळात गेले. पायरीवर हात ठेवला. मी चाफ्याखाली पदराचं टोक चावत उभी.

"पळालो," हे म्हणाले. "ओढ्यापर्यंत पळालो. मग परत फिरलो. फिरताना धरलं."

मग सुभेदारांनी विचारलं, "का फिरलास?"

"जोडीदाराची पाण्याची बाटली माझ्या खांद्याला राहिली होती."

सुभेदारांनी यांच्याकडे बघितलं. मग जमिनीकडे बघायला लागले. मानकऱ्यांनी सांगितलं, शपथ झाली नाही, तेव्हा पालखी जायची नाही. सुभेदार हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

घरी येताना मी यांच्याशी बोलले नाही. सासूबाई मात्र बोलल्या, "खरं बोललास ना? मग जेव."

होळी झाली. आमच्या वाडीत पालखी यायचा दिवस उजाडला. सासूबाईंनी मला अंगण सारवायला सांगितलं. मी म्हटलं, "येणार नाही तर कशाला?"

"आली तर देवी बसंल, नाय तर कोंबड्या बसतील. सारव!"

मी सारवलं. नारळ, तांदूळ, खण, ओटीचं ताटही मांडून ठेवलं आणि फणसाच्या झाडाशी जाऊन उभी राहिले. तिथे वाट फुटते. डावीकडे आमचं घर, उजवीकडे बाकीची वाडी. ढोल वाजत पालखी आली. पुढच्या मानाच्या खांद्याला सुभेदार, अनवाणी, घामानं भिजलेले. पालखी फणसापाशी आली आणि थांबली. डोलली. मागचे उजवीकडे वळायला गेले आणि पालखी डावीकडे वळली.

"देवीनं ओढ घेतली!" लोक ओरडले. पालखीनं ओढ घेतली की तिला कुणी अडवत नाही. मानकरीसुद्धा नाही.

देवीनं ओढ घेतलीच असेल. मी कोण नाही म्हणणारी? पण मी झाडाशी होते आणि माझी नजर सुभेदारांच्या पायांवर होती. लोक ओरडायच्या आधी, पालखी डोलायच्याही आधी, त्यांचा डावा पाय आमच्या वाटेवर पडला होता. पलटणीतल्या माणसाचा पाय. तो चुकून पडत नाही.

पालखी अंगणात टेकली. मी ओटी भरली. मग गूळपाणी द्यायला गेले तेव्हा सुभेदार आणि हे पडवीच्या कडेला बसले होते.

"ओढा किती लांब होता रे?" सुभेदारांनी हळूच विचारलं.

"दोन हाकांवर."

सुभेदारांनी पाण्याचा घोट घेतला. "माझा जरा लांब होता," ते म्हणाले. "आणि मी परत फिरलो नाय."

मी तांब्या ठेवून आत गेले. सुभेदार असेतोवर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, आणि आता ते नाहीत म्हणून सांगते आहे, तीही नाव न घेता.

दर शिमग्याला हे देवीसाठी एक नारळ जास्त आणायचे. कुणासाठी, असं सासूबाईंनी पहिल्या खेपेला विचारलं. हे म्हणाले, "त्या तिघांसाठी. त्यांच्या पण घरी कुणी अंगण सारवून वाट बघितली असंल."

"पठाण नारळ खातात?" सासूबाई म्हणाल्या.

"काय म्हायत."

"मग फोड इकडं. वाटणाला होईल."

पण फोडण्याआधी सासूबाईंनीच तो नारळ देवीच्या पायाला लावून आणला.