जत्रा करून जा

"पानी दावलं का?"

बकरं कापायला बोलवायला कुणीही आलं, की आमच्या गावचा मुलाणी आधी हे विचारायचा. जनावराला पाणी पाजलेलं नसेल तर बोलावणारा पाटील असो की आणखी कुणी, तो सुरीला हात लावायचा नाही. मग अंगठ्याच्या नखावर धार बघायची, बकऱ्याच्या मानेवरून दोनदा हात फिरवायचा, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचं आणि जमलेल्या पोरांना "व्हा रं तिकडं" म्हणून हाकलायचं. हा प्रश्न त्याच्या तोंडात इतका बसला होता, की एकदा शाळा तपासायला साहेब आले तेव्हाही त्यानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "मास्तर, सायबांस्नी पानी दावलं का?" साहेब शहरातले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, आणि मीही समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

मी मूळचा खंडाळ्याकडचा. नोकरीनं मला कुंडलच्या पलीकडं या गावात आणून टाकलं. शाळा एकशिक्षकी, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे गावचं पोस्टही शाळेच्या ओसरीवर, म्हणजे माझ्याच गळ्यात. त्यामुळं गावाची सुखदुःखं आधी माझ्या हातात पडायची आणि मग ज्याची त्याला मिळायची. तुमच्यापैकी कुणी खेड्यात पोस्ट सांभाळलं असेल तर त्याला हे ओझं ठाऊक असेल.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं फुकट. मुलाण्याचं एक घर सोडलं तर गाव सगळं हिंदू, दैवत बिरोबा, चैत्रात त्याची जत्रा. घरटी बकरं पडायचं. पण मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय त्या मटणाला चूल मिळायची नाही. एका वर्षी एका उतावळ्या गड्यानं स्वतःच बकरं कापलं. त्याच्या म्हातारीनं ते घरात घेतलं नाही, बायकोनं तवलीत घातलं नाही, आणि पाहुणे ऐन जत्रेत आमटी-भात खाऊन गेले. दुसऱ्या एका सालात मुलाण्याला हिवताप भरला, तर गावानं त्याला बाजेवर घालून देवळापुढं आणला. दोघांनी काखेत धरून उभा केला. पाटील म्हणाले, "तू नुसता हात लाव, मुलाण्या, बाकीचं आमी बगतो." तो म्हणाला, "आसं कसं? बकऱ्याला काय सांगू, मला थंडी वाजती म्हनून?" त्या तापातच त्यानं सगळी बकरी केली, आणि मग आठ दिवस अंथरुणात पडला.

बोलायला बेतास बात. कुठलाही प्रश्न टाका, "बगू की" हे उत्तर ठरलेलं. छपराला गवत कधी घालणार? बगू की. पोराचं लग्न? बगू की. मुलाणीण वैतागायची. म्हणायची, "ह्यांच्या मौतीला फिरिस्ता आला तरी त्येला म्हनतील, बगू की."

पोरगा एकच, दस्तगीर. माझ्याच हाताखाली शिकला. अक्षर मोत्यासारखं. लढाईच्या दिवसांत तो पलटणीत गेला, आणि लढाई संपली तरी राहिला. देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा शिपायांना विचारलं गेलं, कुणीकडं राहणार. त्याच्या कंपनीतले सोबती तिकडं गेले, त्यांच्याबरोबर यानंही तिकडचं नाव दिलं. वीस-बावीस वर्षांचं पोर. त्याला वाटलं असेल, पलटण बदलावी तसंच हे. त्यानं सही केली कुठं आणि तिचा घाव बसला कुठं.

कराचीहून त्याचं पहिलं कार्ड आलं ते मीच वाचून दाखवलं. "मला इथं क्वार्टर मिळालं आहे. मला आता रजेवर गावी येता येणार नाही. अम्माला घेऊन तुम्हीच इकडं या." मुलाणी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. मुलाणीण पायरीवर बसली होती. तिनं पदर दातांत धरला होता. मी वाचून थांबलो तर म्हणाली, "मास्तर, परत वाचा." मी परत वाचलं. "आता कवा येनार म्हनतो त्यो?" मी सांगितलं, तो येणार नाही, तुम्हाला बोलावतो आहे. ती उठून गेली. त्या दिवसापासून तिचं अन्न तुटलं.

मग सुरू झालं जायचं की नाही आणि जायचं तर कुठं. दिवसाआड तो शाळेत यायचा आणि म्हणायचा, "मास्तर, नकाशा काडा." माझ्या शाळेत एकच नकाशा, तोही जुना, अखंड देशाचा. मी बोटानं दाखवायचो: हे आपलं गाव म्हणा, ही मुंबई, हा दर्या, ही कराची. तो विचारायचा, "हितं शाळू पिकतो का?" मला काय ठाऊक? "बकरी कसल्या रंगाची?" मी हसायचो. त्याला हसू यायचं नाही. एके दिवशी म्हणायचा, हैदराबादला भाऊ हाय, तिकडं जातो. दोन दिवसांनी म्हणायचा, नको, मिरजंला मेव्हना तंबोऱ्याचं भोपळं कोरतो, त्येच्याजवळ पडून ऱ्हातो, निदान आगगाडीची शिट्टी तर वळखीची. आणि मग एकदम म्हणायचा, "पर मास्तर, कराचीत माज्या सुरीला कोन इचारनार? हितं मी मुलानी हाय. तितं समदंच मुसलमान. तितं मी कोन?"

मी नकाशा गुंडाळून ठेवला. 

गावानं त्याला वावगा शब्द ऐकवला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण ते दिवसच वाईट होते. चावडीवर चाललेल्या गप्पा तो आला की थांबायच्या. "मुलाण्याचं पोरगं तिकडं हाय" एवढंच कुणीतरी म्हणायचं आणि दुसरा तंबाखू मळत बसायचा. तासगावकडची मुसलमानांची दोन-चार घरं कुलपं लावून गेल्याची बातमी आली, तेव्हा तर तो माझ्यापुढं बसून लहान मुलासारखा रडला. "ऱ्हायलो तर ही मरती. गेलो तर मी मरतो. मास्तर, शिकल्यालं हायसा, सांगा."

शेवटी माघात ठरलं. मुंबईहून बोट धरायची आणि कराचीला पोराकडं जायचं. त्याच्यापेक्षा तिनंच ठरवलं म्हणा. भांडी गोणपाटात बांधली. कोंबड्या शेजारी दिल्या. किती महिन्यांनी मी तिला भाकरी खाताना पाहिलं. तो पाटलांच्या वाड्यावर निरोप घ्यायला गेला, मीही बरोबर होतो.

पाटलांनी त्याच्यापुढं पानाचं तबक सरकवलं. मग म्हणाले, "पोराकडं जातोस, तुला आडवू कसा? पर जत्रा दीड म्हैन्यावर आली. जत्रा करून जा."

बाहेर चार माणसं जमली होती, ती हेच म्हणाली. आवं, जत्रा करून जा. तुमी न्हाई तर देवाला काय दावायचं? एका म्हातारीनं तर त्याचे पाय धरले. मुलाण्याच्या तोंडाकडं मी बघत होतो. कित्येक महिन्यांत त्या तोंडावर असा उजेड मी बघितला नव्हता. गाव त्याला राहा म्हणत होतं, आणि त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

तो माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमी काय म्हनता?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "दीड महिन्यानं काय बिघडतं?"

खरं सांगतो, मलाही तो जायला नको होता. शिवाय मला वाटलं, गावानं मानानं निरोप द्यावा, चार पिढ्यांचं माणूस गुपचूप जाऊ नये. हे सगळं चांगलंच होतं. चांगल्या मनानं माणूस केवढं वाटोळं करू शकतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुलाणीण संध्याकाळी ओसरीवर आली. जत्रेनंतर निघतो असं मुलाणी सांगत होता आणि मी दस्तगीरला उत्तर लिहायला घेतलं होतं. ती हात जोडून म्हणाली, "मास्तर, तसं लिवू नगा. लिवलं म्हंजी पक्कं हुतं. आजच्या आज निगतो म्हनून लिवा, म्हंजी ह्यास्नी निगावं लागंल." मुलाणी म्हणाला, "गप ग. गावचा सबुद हाय." आणि मी लिहिलं: चैत्राची जत्रा उरकून निघतो.

जत्रा झाली. तशी जत्रा मी त्या गावात दुसरी पाहिली नाही. त्याला फेटा बांधला, नारळ दिला, आणि प्रत्येक घरानं आपलं बकरं त्याच्यासमोर पाणी पाजून उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो निघायचा, तर पाटलांच्या लेकीचं लग्न ठरलं. एवढं लगीन हुं दे. लग्न होईतो मृग लागला. दस्तगीरचं पत्र आलं, आता दर्या खवळलेला असतो, अम्माला बोट सोसणार नाही, दसऱ्यानंतर या. श्रावण-भाद्रपद कसेबसे गेले. तेवढ्यात हैदराबादेत फौज शिरली, आणि भावाकडं जायची वाटही मनातून पुसली गेली. दसरा झाला, आणि पेपरात आलं की तिकडं जायला आता परवाना लागेल.

मी बातमी दोनदा वाचली. तो म्हणाला, "म्हंजी माज्या पोराच्या घरात जायाला मला सरकारची चिट्टी लागनार?"

"लागणार."

"कोन देनार?"

अर्ज मी लिहिला. एक लिहिला, दोन लिहिले, तिसरा साताऱ्याला जाऊन वकिलाकडून इंग्रजीत करून आणला. उत्तर आलं नाही. गावातली माणसं मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, बरं झालं गड्या, ऱ्हायलास. त्यांचं तरी काय चुकलं म्हणावं?

मुलाणीण एकदाच बोलली. मी पाण्याला चाललो होतो, ती वाटेत उभी राहिली. वाळून काटकी झाली होती. म्हणाली, "मास्तर, तवा तुमी लिवल्यालं कारड मला परत आनून द्या."  मला वाटतं तिला ठाऊक होतं की ते आणता येत नाही. तरी तिनं मागितलं, आणि माझी वाट सोडून निघून गेली.

त्या थंडीत मुलाणी पार बदलला. कुणी बोलावलं तर यायचा, सुरी फिरवायचा आणि वाटा न घेता उठायचा. पाणी पाजलं का हेही विचारायचा नाही. लोक म्हणू लागले, मुलाणी बिघडला. एका बाईनं ते मटण शिजवलं आणि न वाढता परड्यात पुरलं, असं माझ्या कानावर आलं.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर तो आला. "नकाशा काडा." मी काढला. "मारवाड कुटं?" मी बोट ठेवलं. मिरजेत त्याला कुणीतरी सांगितलं होतं, मारवाडाच्या पलीकडं नुसती वाळू आहे, तिथून माणसं चालत त्या देशात जातात, चिठ्ठी कुणी विचारत नाही. मी म्हणालो, बाबा, वेड लागलंय का? तुमचं वय काय, मुलाणीण मावशींची दशा काय. आगगाडी पार शेवटपर्यंत जात नाही, पुढं कोण नेणार? तो नकाशाकडंच बघत होता. त्या मोकळ्या जागेवर एकही गावाचं नाव नव्हतं.

"तिला म्हायती हाय समदं," तो म्हणाला. "ती म्हनती, वाटंत मेली तरी तोंड तिकडं आसंल. मास्तर, ह्या बारीला गावाला सांगू नगा. गावानं ऱ्हा म्हनलं तर मी ऱ्हाईन. मला माजी खातरी न्हाई."

मी नाही सांगितलं. निघायच्या सकाळी मीच दुसऱ्या वाडीवरची बैलगाडी बघून दिली आणि ताकारी स्टेशनापर्यंत त्यांच्यासंगं गेलो. ती गाडीत ताठ बसली होती. त्यानं एकदाच मागं वळून पाहिलं, पण तोवर गाव टेकाडाआड गेलं होतं. तो आगगाडीत चढायला लागला तेव्हा मी त्याच्या पाया पडलो. मास्तरानं मुलाण्याच्या पाया पडावं याचं त्यालाच अवघड झालं.

गाव माझ्यावर महिनाभर रागावून होतं. पाटील म्हणाले, "मास्तर, निदान मला तरी सांगायचं." चैत्रात दुसऱ्या गावचा मुलाणी आणला. तरणा माणूस, हाताला चलाख. जत्रा दुपारीच उरकली.

ज्येष्ठात दस्तगीरचं कार्ड आलं. पत्ता बापाच्या नावाचा, द्वारा मास्तर. अक्षर तसंच. त्याचं लग्न झालं होतं. अम्मासाठी अंगणात बाज टाकून ठेवली आहे, असं लिहिलं होतं. परवान्याचं काही होतं का बघा. आणि खाली माझ्यासाठी दोन ओळी: "गुरुजींना नमस्कार. परवाना मिळाला तर या वर्षी तरी गावाला सांगा, त्यांना जत्रेसाठी अडवू नका."

त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

पोस्टाचा नियम असा, की पत्राचा मालक गाव सोडून गेला तर तसा शेरा मारून पत्र परत पाठवायचं. तो शेरा मी मारला नाही. त्याला उत्तर लिहावं म्हणून कितीदा बसलो, पण तेही लिहिलं नाही. त्या घरासाठी लिहिलेलं माझं एक कार्ड मला पुरेसं झालं होतं. त्यानंतर त्याची आणखी तीन कार्डं आली. प्रत्येकात तोच प्रश्न, अब्बा-अम्मा कधी निघणार. पुढं माझी बदली झाली, पण कराचीचं कार्ड आलं तर कळवा, असं नव्या मास्तरांना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी कळवलं, आता कराचीची पत्रं येत नाहीत.

ती का थांबली असतील, ते मी माझ्या मनाला दोन्ही तऱ्हांनी सांगून पाहतो: दोघं पोचली म्हणून, आणि पोरानं वाट बघायची सोडली म्हणून.