कातळाची डावी बाजू

त्या दिवसांत बाबांची प्रत्येक गोष्ट तपासून बघायची खोडच लागली होती मला. एकदा ते मंडईतून मेथी घेऊन आले, आणि थोड्या वेळाने पुन्हा जाऊन मेथीच घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "लक्ष ठेवा." झालं! हिंजवडीच्या ऑफिसातून मी सारखी घरी फोन करायची. काय जेवलात, आज वार कोणता? "परीक्षा संपली का?" असं म्हणून बाबा फोन ठेवायचे.

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांच्या स्लाइड्स कॉम्प्युटरवर घ्यायला काढल्या. तरुणपणी कात्रजच्या डोंगरात हिंडून काढलेली रानफुलं, पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्मचा एवढासा तुकडा. छत्तीस फोटोंचा रोल ते अख्खा पावसाळा पुरवायचे. माझा डिजिटल कॅमेरा बघून म्हणाले होते, "एका फुलाचे चाळीस फोटो? मग फूल बघायचं कधी?" मला तेवढा धीर कुठला! रविवारी स्कॅनर जोडला आणि भराभर स्कॅन करत सुटले.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. सोनकी झाली, तेरडा झाला, मग निळी नभाळी आली.

"हे चुकलंय," बाबा म्हणाले. "नभाळी कातळाच्या डावीकडे होती."

स्क्रीनवर ती उजवीकडे होती.

"बाबा, फोटो समोर दिसतोय."

"मी पोटावर पडून काढलाय तो."

"अहो, पण फोटो कसा चुकेल?" मी चिडलेच.

ते स्क्रीनजवळ वाकले. "असेल. मीच विसरलो असेन."

बाबांनी असं कधी मान्य केलेलं मला आठवत नव्हतं. पुढचा आठवडा ते गप्पच होते. दार लावलं का, गोळी घेतली का, सगळं आईला विचारून. फोनवर टोमणासुद्धा नाही. ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली.

पुढच्या रविवारी आई गवार मोडत माझ्यामागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवरच्या नभाळीच्या फोटोत कोपऱ्यात एक बाई डबा उघडून बसली होती.

"ही कोण गं गुजरातीण?"

"तूच की!"

"मी? उजव्या खांद्यावर पदर? जन्मात घेतला नाही."

मी ताडकन उठले आणि स्लाइड खिडकीशी धरली. मी ती उलटी घातली होती! फिल्मला पुढची-मागची बाजू असते. डिजिटलला ती भानगडच नाही, त्यामुळे मला सुचलंही नाही. स्लाइड्सचा अख्खा डबाच उलटा स्कॅन झाला होता, आणि फुलांना कुठलं आलंय डावं-उजवं!

"यांना तरी दिसायला नको का माझा पदर?" आई म्हणाली. "पण लक्ष फुलाकडे. तेव्हाही आणि आत्ताही."

मी धावत जाऊन स्लाइड बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"डावीकडेच," ते म्हणाले.

"बाबा, तुमचंच बरोबर होतं. सांगायचं ना ठणकावून!"

"कशाच्या जोरावर सांगू?" स्लाइडवरची नजर न काढता ते म्हणाले. "आठ दिवस रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी तुम्हा दोघींची नावं मनात म्हणून बघत होतो."